भिंगावरचा ओरखडा

संत्रं सोलताना सालीचा जो उग्र वास उडतो, तो आला की मला नागपूरच्या आमच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह आम्ही पाचजण तिथे बनवत होतो. प्रकाशाच्या एकेका कणावरून, कुणालाही चोरून वाचता येणार नाही असा संदेश जमिनीवर पाठवता येतो का, हे त्यातून बघायचं होतं. त्याचं भिंग कित्येक महिने वाट पाहून आलेलं, एकुलतं एक. ते बसवायचं काम काटोलच्या मैत्रिणीकडे होतं. त्या दुपारी तिनं घरच्या बागेतली संत्री आणली आणि मला बजावलं, "बाहेर जाऊन खाय गा, अन् हात धुऊनच आत ये." ती बाहेर गेली. मी आळसानं तिथेच, भिंगाशेजारी बसून सोललं. सालीचा फवारा थेट काचेवर उडाला. घाबरून मी खिशातल्या रुमालानं तो पुसला, आणि काचेवरचा नाजूक लेप ओरखडला. सरांनी भिंग उचललं, नाकाशी नेलं. "संत्री कोणी आणली?" "मी, सर," ती म्हणाली. त्या दिवसापासून भिंगाचं काम तिच्याकडून गेलं. व्हरांड्यात तिनं मला विचारलं, "मी तं बाहेर खाल्लं, हातही धुतले. तू पाहून राहिला होता ना गा?" "माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो. आता मीही शिकवतो. भिंगाला हात लावण्याआधी दरवर्षी पोरांना हा किस्सा सांगतो, आणि त्यात संत्रं अजूनही तिच्याच हातात असतं.