गॅरेजमधली नॉर्मंडी

माझी नोकरी टेस्टिंगची आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढण्याबद्दल मला पगार मिळतो. घरी मी तेच काम फुकट करते. त्यामुळे आठवीतल्या लेकीनं शाळेतून येऊन जाहीर केलं, की इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी ती दुसऱ्या महायुद्धातली, फ्रान्सच्या किनाऱ्यावरची नॉर्मंडीची चढाई करणार आहे, तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला, "करणार म्हणजे नक्की कोण करणार?"

"मी," ती म्हणाली. "अँड डॅड विल हेल्प."

या वाक्याचा अर्थ न्यू जर्सीत आमच्या वेस्ट विंडसरमधल्या कुठल्याही आईला विचारा. इथे मुलांची प्रोजेक्टं बघायला गेलं, की कुणाचा बाप सिव्हिल इंजिनियर आहे आणि कुणाची आई आर्किटेक्ट, हे टेबलावरूनच कळतं. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी एक्सेल शीट उघडली. शिक्षिकेनं तीन भाग सांगितले होते: चढाईची आखणी, प्रत्यक्ष लढाई आणि तिचे परिणाम. नवऱ्यानं त्यांचे इतके उपभाग पाडले, की खऱ्या सेनापतींनी ती शीट पाहिली असती तर चढाईच रद्द केली असती. रोज जेवायच्या आधी 'स्टँड-अप' व्हायचा, म्हणजे वरण गार होईपर्यंत तिघांनी उभं राहून काय झालं नाही ते सांगायचं.

तिसरी मी आणि चौथे बाबा, पण बाबा धरायचेच नाहीत असं तेव्हा होतं. जानेवारीत पुण्यात आई गेली आणि मार्चमध्ये मी बाबांना जवळजवळ उचलूनच इकडे आणलं. बाबा पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनियर. एकेकाळी धरणावर बोलायला लागले की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची. इथे आल्यापासून मात्र हो, नको, पुरे, एवढंच. आणि आईबद्दल एक अक्षर नाही. तिच्या दहाव्याला, तेराव्याला आम्ही सगळे रडलो; बाबा आलेल्या लोकांना चहा मिळाला का ते बघत हिंडत होते. नंतरही तिचा विषय निघाला की ते चष्मा पुसायला घेत. चष्मा इतका स्वच्छ झाला होता, की काच आहे की नाही कळू नये. माझी एवढीच इच्छा होती, की त्यांनी एकदा तिच्याबद्दल बोलावं. रडावं, चिडावं, तिला नावं ठेवावीत, काहीही. मी खूप युक्त्या केल्या. आईच्या पद्धतीची आमटी केली, तर "मीठ बरोबर आहे," म्हणाले आणि उठले.

तर एका शनिवारी नवरा गॅरेजमध्ये थर्माकोलचा कडा कापत होता. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"क्लिफ, बाबा. वर जर्मनांचे बंकर येतील आणि खाली बीच."

"किल्ला थर्माकोलचा?" बाबा म्हणाले. "माती कुठाय?"

एवढे शब्द एका दमात त्यांनी महिनाभरात काढले नव्हते. त्या क्षणी त्यांनी दिवाणखाना खणायला मागितला असता तरी मी कुदळ आणून दिली असती. पुण्यात दर दिवाळीला आमच्या कॉलनीत किल्ल्यांची स्पर्धा असायची, आणि मुलांच्या नावावर बाबाच बक्षीस मिळवायचे. म्हणजे मुलांची कामं आईबापांनी करायची प्रथा आम्ही अमेरिकेत येऊन शिकलो, असं कुणी समजू नये.

दुकानातून बागेच्या मातीच्या गोण्या आल्या. त्या मातीला शेणखताचा असा वास होता, की गाड्या बाहेर काढल्या तरी आठवडाभर दोन्ही गाड्यांना गोठ्याचा वास येत होता. ड्राइव्हवेवरच्या ढिगाबद्दल कॉलनीच्या असोसिएशनचं सौम्य भाषेतलं पत्र आलं. बाबांनी बासमतीच्या पोत्याचं बारदान चिखलात बुडवून दगडांवर पसरलं, वर माती लिंपली आणि हिरवळीसाठी अळीव पेरले. बंकर झाले. बंकरला जायला पायऱ्या झाल्या. आणि मग सगळ्यात वरती बाबांनी छोटं तळं खणलं.

"आजोबा, देअर वॉज नो लेक!" लेक ओरडली.

"मग वरचे लोक पाणी कुठून पिणार?" बाबांनी विचारलं. "पाण्याशिवाय किल्ला लढत नाही."

तळं राहिलं. पाणीपुरवठा खात्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. शत्रूच्या किल्ल्याला इतकी चोख व्यवस्था मिळालेली बघून नवरा हळूच मला म्हणाला, "हे असं झालं तर आपले लोक हरतील यार."

बाबा मग टॅबलेटवर महायुद्धाचे माहितीपट बघू लागले. रबराचे खोटे रणगाडे फुगवून आणि एक अख्खी खोटी फौज उभी करून जर्मनांना भलत्याच किनाऱ्याकडे बघत ठेवलं होतं, हे कळल्यावर ते इतके खूश झाले की जणू ती कल्पना त्यांच्याच खात्यातून गेली होती. "गनिमी कावा! आपल्याकडे हे केव्हाच होतं," ते म्हणाले. काँक्रीटचं बंदर तुकड्यातुकड्यांनी समुद्रातून ओढत नेलं, हे ऐकून तर ते खुर्चीतून उठलेच. "बंदर सोबत नेलं? आम्हाला एक पाइपलाइन रस्ता ओलांडून न्यायला परवानगी मिळत नव्हती!" आमचं बंदर काजूकतलीच्या खोक्यांचं झालं.

चढाईच्या आधी काही माणसं अंधारात पोहत जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावरची वाळू चोरून घेऊन आली होती, रणगाड्याचं वजन ती पेलेल का ते बघायला. हे ऐकल्यावर दुकानातली रंगीत वाळू बाबांना चालेना. मग आम्ही सगळे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जर्सीच्या समुद्रावर. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओहोटी किती मागे जाते ते बघायला वाळूत काड्या रोवल्या आणि डोक्यावर रुमाल बांधून त्यांच्यामागे उभे राहिले. किनाऱ्यावरचा एक तरुण जीवरक्षक येऊन विचारू लागला, एव्हरीथिंग ओके, सर? बाबांनी त्याला भरती-ओहोटीचं सगळं शास्त्र सांगितलं. पहाटे ओहोटी हवी, म्हणजे पाण्यात रोवलेले अडथळे दिसतात. पण आदल्या रात्री चांदणंही हवं, म्हणजे विमानातून उतरणाऱ्यांना जमीन दिसते. तो पोरगा निघून जायची वाट शोधत होता. मी त्याला सोडवलं नाही. बाबा बोलत होते, आणि माझ्या दृष्टीनं त्या दिवशी समुद्रावर कुणी बुडालं नाही म्हणजे झालं.

चांदण्याचा विषय मात्र बाबांच्या डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते, ते टेबलाशी टॅबलेटवर जुनी पंचांगं उघडून बसले होते.

"बरोबर," ते म्हणाले. "एक दिवस हवा बिघडली म्हणून पुढे ढकललं आणि पौर्णिमेला गेले. ज्येष्ठ पौर्णिमा." मग चष्मा काढून, "म्हणजे वटपौर्णिमा."

तिकडे हजारो माणसं गार पाण्यात उड्या मारत होती, तेव्हा आपल्याकडे बायका वडाला दोरा गुंडाळत होत्या. आई दर वर्षी हा उपास करायची आणि दर वर्षी नेमकी त्याच दिवशी बाबांशी कडाक्याचं भांडायची. आता बोलतील, मी मनात म्हटलं. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. तोंड उघडलं.

"गोंद संपलाय," ते म्हणाले.

मी त्या दिवशी पोळ्या अशा लाटल्या, की नवऱ्यानं विचारलं, काही झालंय का.

लढाईचा भाग आला आणि घरात खरी लढाई सुरू झाली. लेकीनं हिरवे प्लास्टिकचे सैनिक आणले होते. तिनं वाचलं होतं, की त्या किनाऱ्यावर सकाळी उतरलेल्यांपैकी किती तरी जण वाळूवरच पडले. म्हणून तिनं निम्मे सैनिक आडवे ठेवले. दुसऱ्या सकाळी बघते तर सगळे उभे. तिनं पुन्हा आडवे केले. पुन्हा सकाळी सगळे खडे पहाऱ्यावर.

"हू कीप्स अन-डेडिंग माय गाइज?" तिनं जेवणाच्या टेबलावर चौकशी आयोग बसवला. तिचा संशय माझ्यावर होता, कारण घरात कुणाच्याही वस्तूची जागा हलली की संशय माझ्यावरच असतो.

"पडले होते," बाबा म्हणाले. "उभे केले."

"आजोबा, दे आर डेड!"

"किल्ल्यावर कुणी मेलेलं ठेवतं का?"

यात त्यांची चूक नव्हती. दिवाळीत आमच्या किल्ल्यावरचे मावळे वाऱ्यानं, मांजरानं, फटाक्यानं रोज पडायचे, आणि सकाळी दात घासायच्या आधी ते उभे करायचे हे आमचं काम असायचं. किल्ल्यावर कुणी मरत नाही. शिवाय आमचा जीव नेहमी किल्ल्यावर. किल्ला घ्यायला आलेल्यांचं काय होतं याचा विचार आम्ही कधी केलेलाच नव्हता. लेकीला हे पटलं नाही. तिनं ग्लू गन आणली आणि सगळ्या आडव्या सैनिकांना कायमचं वाळूला चिकटवून टाकलं.

दुसऱ्या सकाळी बाबा चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि लगेच परत आले. मग पुन्हा हो, नको, पुरे. गॅरेजकडे फिरकेनात, अळिवाला पाणीसुद्धा मीच घालत होते. मला लेकीचा इतका राग आला, की मी तिला जाऊन सांगितलं, चार सैनिक उभे राहिले असते तर काय बिघडलं असतं. ती रडायला लागली. "बट इट हॅपन्ड, मॉम," म्हणाली. मी तिला खोली आवरायला सांगितलं.

जूनच्या सुरुवातीला शाळेत प्रदर्शन होतं. नॉर्मंडी मिनीव्हॅनमध्ये चढवून नवरा ताशी पंधरा मैलांनी पुढे गेला. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची वरात होती. बाबांना मी "तुमच्या तळ्यातलं पाणी सांडलं तर कोण बघणार?" असं म्हणून जबरदस्तीनं माझ्या गाडीत घातलं. ते टेबलामागे हात मागे बांधून उभे राहिले. लोक येत होते, अळिवाची हिरवळ बोटानं चाचपून बघत होते, लेक तिचं पाठ केलेलं बोलत होती.

मग कुणाची तरी आजी आली, ऐंशी ओलांडलेली, काठी घेऊन. तिनं विचारलं, हा कुठला किनारा. लेकीनं सांगितलं. आजी टेबलावर हात टेकून म्हणाली, माझे वडील इथेच पडले. मी तेव्हा आईच्या पोटात होते. लेकीचं पाठ केलेलं सगळं संपलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे.

आजीनं वाकून एका आडव्या सैनिकावर बोट ठेवलं. "तुम्ही यांना पडलेलं दाखवलंत," ती इंग्रजीत म्हणाली. "लोक नेहमी पळत जाणारे दाखवतात."

"माय ग्रँडडॉटर डिड," बाबा म्हणाले. "आय वॉज ऑब्जेक्टिंग." मग ते ताठ झाले, सरकारी कचेरीत साहेबासमोर उभं राहावं तसे. "माय वाइफ ऑल्सो एक्स्पायर्ड, मॅडम. इन जॅन्युअरी."

माझ्या हातात सफरचंदाच्या रसाचा कागदी पेला होता. तो मी दाबला, आणि रस माझ्या बुटांवर सांडला.

आजीनं विचारलं, कशी होती ती? बाबांनी विचार केला. "व्हेरी स्ट्रिक्ट," ते म्हणाले. आणि मग त्या दोन म्हाताऱ्यांचं काजूकतलीच्या बंदराशेजारी जे काही सुरू झालं, ते शाळेचा शिपाई खुर्च्या उचलायला लागला तरी थांबेना. जे मराठीत त्यांना पाच महिने जमलं नव्हतं, ते कचेरीच्या इंग्रजीत, एका अनोळखी बाईपाशी जमलं. मला खूप आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोलू.

परत येताना बाबा पुढे बसले, लेक मागे. तिनं विचारलं, "आजोबा, आजी गेली तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"होतो ना," बाबा मराठीत म्हणाले. "पहाटेपासून उठवत होतो तिला. चहा झालाय, ऊठ म्हणत होतो. दोनदा उशीला टेकवून बसवलं. डॉक्टर आले आणि म्हणाले, काका, आता त्यांना झोपू द्या."

मला समोरचा रस्ता दिसेना.

"गाडी बाजूला घे," बाबा म्हणाले. "असं रडत चालवू नये."

मी एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी थांबवली, आणि मग बाबा रडले.