यादीतून गाळलेलं नाव

माझं अक्षर वाकडं आणि शुद्धलेखन त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हसवडच्या जत्रेत अंगात आलेल्या बाया बघूनसुद्धा मी पदराआड हसायची... पण हे कुणाला तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही मलकापूरला राहतो. माझी धाकटी जाऊ शीतल घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. घरात सगळं कौतुक तिचंच. गेल्या उन्हाळ्यात तिने कॉम्प्युटरवर आमच्या भावकीचा ग्राफ करायला घेतला — एका कप्प्यात माणसं, दुसऱ्यात त्यांना जोडणाऱ्या रेघा. नाती मला तोंडपाठ, म्हणून मी सांगायची, ती कागदावर यादी उतरवायची आणि मग कॉम्प्युटरवर चढवायची. तेवढ्यापुरती मीही कुणीतरी होते.

पहिल्या दुपारी एकही रेघ बसेना. शेवटी शीतल म्हणाली, "अक्का, माझंच चुकलं. रेघांचा कप्पा मी माणसांसारखाच केला. तो एज कलेक्शन पायजे हुता, म्हंजे निस्त्या जोडणाऱ्या रेघांचा येगळा कप्पा." तिचं चुकलं म्हणून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू!

नवा कप्पा केला. सगळ्या रेघा बसल्या — एक सोडून. ह्यांच्यापासून माझ्यापर्यंतची.

"दादांचं तुमच्याशी लगीनच झालं न्हाई म्हणतंय बघा!" शीतल हसली. मग थांबली. "रेघंच्या दुसऱ्या टोकाचं माणूस यादीत न्हाई... अक्का, ही मालन कोण?"

मालन ह्यांची पहिली बायको, माझ्या लग्नाआधीच वारलेली. घरात तिचं नाव कुणी काढत नाही, त्यामुळे शीतलला ते माहीतच नव्हतं. आणि यादीतून ते मी मुद्दाम गाळलं होतं. कागदावर माझंच नाव होतं. शीतलने माझ्या देखत दोनदा रेघ पुसून माझं नाव टाकलं. दोन्ही वेळा मालन आली.

सोप्यातून हे म्हणाले, "तिला घ्या की आत. बाहेर का ठेवताय?"

वीस वर्षांत इतक्या मऊ आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नाहीत.

"घाल बाई," मी म्हणाले.

मालन यादीत गेली आणि ग्राफ एका दमात उभा राहिला. ह्यांच्यापासून दोन रेघा — एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. हे चष्मा लावून बघायला आले, आणि बोट ठेवलं ते तिच्यावर.

शीतल लेकराची शपथ घेऊन सांगते, ते नाव तिने टाइप केलं नव्हतं. मग कुणी केलं? मला अजून कळलेलं नाही. ह्यांना मी विचारत नाही... विचारलं तर ते त्याच मऊ आवाजात तिचं नाव घेतील.