धारवाडचं हुडकणं

धारवाड स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दोन हजार चार सालचा श्रावण. अक्का न्यायला येणार नव्हती. तिचे यजमान, आमचे दाजी, तीन आठवड्यांपूर्वी केलगेरीच्या तळ्याकडे फिरायला गेले ते परतलेच नव्हते. निवृत्त शिक्षक, अलीकडे काही आठवेनासं झालं होतं. मी पुण्याहून अक्काच्या सोबतीला आलो होतो.

रिक्षा दोनदा गल्ली चुकली. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "यार मनी हुडकाकत्तीरी?" (कुणाचं घर शोधताय?)

हा 'हुडकणं' शब्द अक्काच्या मराठीतही आहे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा "चष्मा हुडकते" म्हणाली आणि आम्ही भावंडं हसलो होतो. इथे तो सगळ्या कामाला येतो. शेजारच्या काकू मुलीला स्थळ हुडकत होत्या. त्यांचा नातू रडायला लागला की "आईला हुडकतोय" म्हणायच्या. दवाखान्यांचे नंबर काढायला हुबळीच्या सायबर कॅफेत गेलो, तर तिथली मुलगी कीबोर्ड पुढे ओढत म्हणाली, "थांबा, हुडकून बघते."

चौथ्या दिवशी हुबळीच्या दाजीबानपेठेत, तिथल्या बाजारात, दुकानोदुकानी दाजींचा फोटो दाखवत होतो. कापड घ्यायला आलेल्या एका बस कंडक्टरने तो हातात घेतला.

"ह्यांना मी अळनावरच्या अलीकडच्या फाट्यावर सोडलं की! शाळेला उशीर झाला म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने अक्का आणि मी निघालो. दुतर्फा सागाची झाडी, मधूनच भाताची हिरवी खाचरं. अक्काने दाजींचा धुतलेला सदरा पिशवीत घेतला होता.

फाट्यावर फोटो दाखवताच लोकांनी शांतव्वाच्या घराकडे बोट केलं. शांतव्वा मजुरीला जाणारी बाई. अक्काला बघून ती जागीच थबकली.

"मास्तरांची माणसं काय?"

"हो. कुठं आहेत?"

"आठ दिस झाले, अक्का. ताप उतरलाच न्हाई. पंचांना बोलवून आमीच अग्नी दिला."

अक्का रडली नाही. तिने विचारलं, "जेवत होते का?"

"व्हय. ताकात भाकरी कुस्करून."

"घरी ताकाला शिवायचे नाहीत," अक्का म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली.

शांतव्वा तिच्या शेजारी टेकली. "लई हुडकलं तुमास्नी. दर बाजाराला अळनावरात इचारत फिरले. त्यास्नी गावाचं नाव येईना. त्ये बी रोज दारात उभं ऱ्हाऊन कुणाला तरी हुडकायचे."

तेव्हा मात्र अक्काने तिचा हात धरला आणि मोठ्याने रडली.

तेरावा उरकून मी पुण्याला परतलो. दारातच बायकोने विचारलं, "शोध कसा लागला?" मी कंडक्टरचं सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. शोध शांतव्वाने घेतला होता. ती हुडकत होती ती माणसं आम्ही होतो, आणि तिला सापडायला आम्हाला आठ दिवस उशीर झाला होता.