भाऊबीजेची गुंडाळी

आमचा मामा हिरव्याला लाल म्हणायचा. "यंदा डोंगर लई लाल हाय," असं चारचौघांत म्हणाला की नवखा माणूस चक्रावायचाच. देशाचे उपग्रह जमिनीचे जे फोटो काढतात ते तपासायची त्याची नोकरी, आणि त्या फोटोंत झाडी लाल दिसते. जन्मभर तेच बघून त्याची जीभ बिघडली, असं माझी आई म्हणायची.

भाऊबीजेला लोकांचे भाऊ ओवाळणीत साडी देतात. मामा हैदराबादहून भोरला यायचा आणि आईनं ओवाळलं की ताटात कागदाची गुंडाळी ठेवायचा. ती लगेच जमिनीवर पसरायची, चार कोपऱ्यांना चार लाडू. फोटो वेल्ह्याकडच्या डोंगरांचा, म्हणजे या बहीणभावांच्या गावाचा. पहिल्यांदा आई दचकलीच होती. "आरं, रान पेटलंय का काय?" आणि पुढं दरवर्षी, "एक लुगडं आणशील तर शपथ." मामा हसायचा. "लुगडं कुनीबी दील अक्का, गाव कोन दील?"

पुढे आईचे गुडघे गेले आणि गावचा चढ तिला बंद झाला. मग तो फोटो हेच माहेर. ती विचारायची ते एकच, "आपली राई कुठाय?" गावामागची देवराई. तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी चुलीला नेत नसे. मामा तिचं बोट धरून गडद लाल ठिपक्यावर टेकवायचा. "हाय तशी हाय बघ." तेवढ्यावर आईचं वर्ष सुखात जायचं.

एका वर्षी फार्महाऊसच्या रस्त्यासाठी राई तुटली. मामाला ते तिकडं बसून दिसलं. त्यानं मला फोन केला, "अक्काला बोलू नको. तिला सोसायचं न्हाई." मग भाऊबीज आली.

मामानं गुंडाळी पसरली. राईच्या जागी पांढराशुभ्र ढग. "पावसाळ्यातला फोटो हाय, अक्का. ढगाखाली हाय ती." आईनं ढगावरून हात फिरवला. "पाऊस बरा झाला म्हणायचा," एवढंच म्हणाली. स्वयंपाकघरात मी मामाला गाठलं, तर खाली बघत म्हणाला, "चांगलं फोटो ढीगभर व्हतं. बरोबर तिथंच ढग आलेला हुडकताना डोळं फुटायची पाळी आली."

मामा एसटीत बसला तसं आईनं मला जवळ बोलावलं. "राई तुटली त्याच दिवशी मला गावावरनं फोन आला व्हता. त्याला सांगू नको. लई जीव लावून ढग आणलाय त्यानं माझ्यासाठी."

आई गेली, मागोमाग मामाही गेला. त्याला मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.