मावशीचं हसू

तमाम वसईकरांना अत्यंत गांभीर्याने कळवतो की, सोनचाफ्याच्या वासाने माझं तोंड आजही कडू होतं. उमेळे गावात मावसबहिणीला बघायला पाहुणे आले होते, त्या दिवशी घरभर हाच वास होता. बहीण इंग्रजी शाळेत शिक्षिका. तिने मावशीला बजावलं होतं, "आई, पाहुण्यांसमोर 'पानी' म्हणू नकोस. खरं तर बोलूच नकोस, नुसती हस." वाडीतली हीच फुलं विकून लेकीला शिकवणारी मावशी तासभर इमानेइतबारे हसत राहिली. शेवटी मुलाच्या आईने काळजीने विचारलं, "ह्या जन्मापासूनच मुक्या का? नाही, पुढे मुलाबाळांत उतरतं म्हणून विचारते." बहिणीने मान खाली घातली, पण 'नाही' म्हणाली नाही. मावशीने पोह्यांची बशी खाली ठेवली. "मुकी नाय मी, बाय. पोरगी शिकली, तवापासून गप हाय."