लेखकाच्या हातात बांगड्या

मंडळी, सकाळपासून एकटीच हसतेय.

नातीला इंटरनेटवर तिच्या आजोबांचा जुना शोधनिबंध सापडला. त्यातला फोटो पाठवून तिनं विचारलं, "आजी, आजोबा बांगड्या घालायचे?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे हे साताऱ्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निबंध स्वीकारला गेला, पण संपादकांनी कळवलं, कातळाच्या फोटोत मापासाठी काहीतरी ठेवा, नाहीतर फोटो छापणार नाही.

एसटीनं आम्ही दोघं महाबळेश्वरला गेलो. तिथं कळलं, मापाला ठेवायचा हातोडा घरीच राहिलाय! लग्न नुकतंच झालेलं. हे म्हणाले, "तुझा हात ठेव की."

ठेवला. तेवढ्यात धुकं आलं. कातळ गेला, हे गेले, माझा हातही मला दिसेना. नुसता आवाज यायचा, "हलू नगंस, उजेड येतोय." ते धुकं सरूच नये असं मला वाटत होतं.

अंक आला. फोटोखाली यांनीच लिहून दिलेलं, 'मापासाठी लेखकाचा हात'. कॉलेजभर झालं, सरांनी बांगड्या भरल्या!

मी चिडले. "आवं, माझा हात तुमचा कसा?"

कडेगावचा माणूस. शांतपणे म्हणाले, "तुझ्या वडलांनी मांडवात माझ्याच हातात दिला न्हवं?"

आता हे नाहीत. मगाशी स्क्रीनवरच्या त्या हातावर हात ठेवला. काच कातळासारखीच गार लागली.

नातीला काय सांगू? लेखकाचाच हात आहे म्हणू?