मैदानाकडचं दार

मी बीडच्या एका कॉलेजात शिपाई. किस्से गोळा करायला मी कुठं जात नाही. स्टुलावर गप बसलं की दारामागं पाचोळा साचावा तसे ते आपोआप साचतात. पण सीमेवर लढाई चालू होती त्या दिवसांतले किस्से आठवले की अजून अंगावर काटा येतो.

कॉलेजात लष्करी अधिकारी घडवायचा वर्ग सुरू करावा का, असा सवाल निघाला होता. प्राचार्य म्हणाले, "पोरांनीच वाद घालावा, पोरांनीच ठरवावं." मला पहिलं नवल वाटलं ते याचंच! आमच्या वेळी सावलीत बसायचं का उन्हात, हेसुद्धा मास्तर ठरवायचे.

*

कॅन्टीनमध्ये विकास बाकावर चढला. "वर्ग सुरू करा! आपण पहाटे मैदानावर हजर!"

मागून कुणीतरी ओरडलं, "आधी अकराच्या तासाला ये बे!"

चहा सगळ्यांच्या नाकातून आला. विकासच्याही!

*

पहाटे मैदानावर खरी यायची ती सुजाता, आष्टीकडची. एकटीच पळायची. भाऊ फौजेत, सीमेवर.

"मामा, वर्ग सुरू झाला ना, की मी अधिकारी होणार. मग दादानं मला सॅल्यूट ठोकायचा!"

"अन् न्हाई ठोकला तर?"

"आईला नाव सांगीन!"

*

आमच्याकडं कुणी कोणत्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठी उचलून ठरतं. सुजाताची चिठ्ठी निघाली, विरोधात!

विकासच म्हणाला, "बदलून घे की. लई दिवसांपासून तुझ्या मनात हाय."

"फौजेत मनासारखी पोस्टिंग मागून घेतात का रे?" ती म्हणाली, आणि चिठ्ठी मुठीत धरून निघून गेली.

*

वादाच्या दिवशी विकासनं टाळ्या घेतल्या. मग सुजाता उठली. आवाज चढवला नाही.

"माझ्या दादाचा फोन लागत नाही. आई समोरचं ताट तसंच ठेवून फोनकडं बघत बसते. टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुमच्या आईला विचारून आलात का? हुकूम तर पुढं आयुष्यभर ऐकायचेच आहेत. प्रश्न विचारायला ही एक जागा तरी राहू द्या."

वेळ संपल्याची घंटा माझ्या हातात होती. वाजवायचीच राहिली. कुणी टोकलंही नाही.

*

मत द्यायला आमच्याकडं हात वर करत नाहीत. वर्ग हवा असेल त्यानं मैदानाकडच्या दारानं बाहेर पडायचं, नको असेल त्यानं लायब्ररीकडच्या.

सगळं सभागृह लायब्ररीकडं वळलं. विकाससुद्धा! जाताजाता म्हणाला, "जिंकलीस गं सुजे." मैदानाकडच्या दाराची कडी मला काढावीच लागली नाही.

सभागृह रिकामं झालं. सुजाता मंचावरून उतरली. ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं आणि सरळ मैदानाकडच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मामा, कडी काढा."